दहा वाजून वीस मिनिटांच्या घारी

पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे चौकशीताई म्हणत. चौकशीच्या खिडकीत ती कधी बसली नव्हती. नाव पडलं होतं ते स्वभावावरून. एखादी गोष्ट दिसली की ती तशी का, हे विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एकदा दात काढायला गेली, तर तोंडात कापसाचा बोळा असताना तिने दंतवैद्याला विचारलं की काढलेले दात शेवटी जातात कुठे, आणि उत्तर मिळेपर्यंत ती खुर्चीतून उठली नाही.

लग्नही असंच जमलं. तरुणपणी ती शिवणयंत्र दुरुस्तीला घेऊन एका दुकानात गेली आणि काउंटरवर हात टेकून म्हणाली, "वरचा दोरा सुईबरोबर खाली जातो, ते कळलं. पण खालचा दोरा वर येतो कसा?" दुकानातल्या तरुणाने यंत्र आडवं पाडलं, चाक हाताने सावकाश फिरवत तिला अर्धा तास समजावलं. त्यानंतर तेच यंत्र, चांगलं चालत असताना, तिने आणखी तीनदा दुरुस्तीला नेलं. शेवटच्या खेपेला तो म्हणाला, "याला काहीही झालेलं नाही. तुम्हाला अजून काय विचारायचंय ते विचारा." तिने विचारलं. त्या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि दुकान अजून तिथेच होतं.

तिची नेमणूक होती शहराच्या उत्तर टोकाच्या उंच टाकीवर. पस्तीस मीटर उंची, खांबाभोवती गोल फिरत जाणाऱ्या एकशे अडतीस पायऱ्या. गुडघ्यांची काळजी असलेलं कुणी तिकडे फिरकत नसे, म्हणून ती जागा तिला न मागता मिळाली. सकाळी सहा ते दोन तिची पाळी. दर तासाला पाण्याची पातळी बघायची, क्लोरीन तपासायचं, ठरलेल्या वेळी व्हॉल्व्हचं चाक फिरवायचं आणि सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं. वरच्या स्लॅबवरचं झाकण आणि हवेच्या पाइपांच्या जाळ्या दिवसातून एकदा तपासल्या तरी नियमात बसत होतं. ती तीनदा चढायची.

राष्ट्रीय दिनाला हवाई दलाची विमानं सलामी द्यायला यायची ती या टाकीच्या अंगावरून. उत्तरेकडून बाणाच्या आकारात यायची, टाकीच्या शेजारून निघून बस डेपोच्या पत्र्यांवरून जायची आणि तिथून नदीकाठच्या संचलनाच्या मैदानावर. खाली लोक माना वर करून उभे असत. चौकशीताईने मात्र पहिल्याच वर्षी टाकीचं झाकण उघडून आत बघितलं होतं. विमानं गेली तेव्हा काळ्या पाण्यावर बारीक शहारा उठला, थंडीत अंगावर उठतो तसा, आणि भिंतीपर्यंत जाऊन परत आला. घरी येऊन तिने नवऱ्याला ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "लाखभर लोक आकाशात बघत होते आणि तू टाकीत."

"आकाशातलं तुम्ही सांगाल की," ती म्हणाली.

घारींचा नाद लागला तो कामामुळेच. टाकीच्या स्लॅबवर हाडं पडायची. कधी चिंधी, कधी कोंबडीचा पाय, एकदा तर अख्खा दात घासायचा ब्रश. पिण्याच्या पाण्याची टाकी. जाळीत काही अडकलं तर उद्या पंचाईत. ती रोज ते झाडून काढायची. काढता काढता तिच्या लक्षात आलं की सकाळी नऊपर्यंत हाडं पूर्वेच्या बाजूला पडतात आणि नंतर पश्चिमेला. असं का? तिने रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहायला सुरुवात केली. किती वाजता, कुठल्या बाजूला, घारी किती, वारा कुठला. सहा महिन्यांनी अभियंता साहेब तपासणीला आले. त्यांनी मागची पानं उलटली आणि चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"घारी, साहेब."

"आपलं खातं कुठलं?"

"पाण्याचं."

"मग पाण्याचं लिहा."

तिने घरून वही आणली आणि घारी तिकडे नेल्या.

मग एका वर्षी विमानांच्या सरावात एक घार विमानाच्या तोंडाशी आली आणि इंजिनात गेली. वैमानिकाने एका इंजिनावर विमान कसंबसं उतरवलं. माणूस वाचला, पण वर्तमानपत्रांत आठवडाभर तेच चाललं होतं. पुढच्या वर्षी उपाय निघाला. राष्ट्रीय दिनाच्या आधी दहा दिवस, शहरात ठरावीक जागी रोज सकाळी आठ वाजता मांसाचे तुकडे टाकायचे. घारी पोटभर खातील, जड होतील, खाली बसून राहतील, आणि वरची वाट मोकळी होईल. त्यातली एक जागा होती मटण मार्केटच्या मागचं रिकामं मैदान. टाकीवरून ते तळहातासारखं दिसायचं.

चौकशीताईला ही कल्पना फार आवडली. पहिल्या दिवशी ती आठच्या आधीच वर जाऊन बसली. पिवळा ट्रक आला, दोन माणसांनी घमेली रिकामी केली आणि चारी बाजूंनी घारी उतरल्या. नदीपलीकडच्यासुद्धा आल्या. त्या एरवी या बाजूला कधी यायच्या नाहीत, हे तिला वहीमुळे माहीत होतं. खाऊन झाल्यावर त्या नदीकाठच्या झाडांवर बसल्या, अगदी सरकारी अपेक्षेप्रमाणे.

तिच्या डोक्याला भुंगा लागला तो त्यानंतर. जेवलेली घार किती वेळ बसते? ती व्हॉल्व्ह फिरवून परत वर गेली. साडेनऊला उन्हाने डेपोचे पत्रे तापायला लागले. तापलेल्या पत्र्यांवरून गरम हवा वर चढते, आणि घारींना पंख न हलवता उंच जायला तेवढीच हवी असते. पावणेदहाला पहिली उठली. दहाला रांग लागली. दहा वीसला डेपोवर घारींचा भोवरा फिरत होता, नदीपलीकडच्या पाहुण्यांसकट. आणि विमानांची वेळ होती बरोबर दहा वाजून वीस मिनिटं.

तीन दिवस तिने मोजलं. आधी दहा ते साडेदहात चाळीसेक घारी जायच्या. तिसऱ्या दिवशी आकडा गेला त्र्याण्णववर.

ती अभियंता साहेबांकडे गेली. ते म्हणाले, "हवाई दलाला कळत नाही आणि तुम्हाला कळतं का?"

"त्यांना कळत असेलच, साहेब. पण ते टाकीवर नाहीत ना."

साहेबांनी समोरची फाइल उघडली. म्हणजे आता निघा.

वर्तमानपत्रात सूचना आली होती की उघड्यावर कचरा टाकू नका, पक्षी येतात, कचरा दिसल्यास या क्रमांकावर कळवा. तिने तो क्रमांक फिरवला. पलीकडून विचारलं, "कचरा कुठे पडलाय?"

"कचरा नाही. घारींबद्दल सांगायचं होतं."

"घारी कुठे आहेत?"

"डेपोवर. पण मी टाकीवरून बोलतेय."

"म्हणजे टाकीवर कचरा आहे."

"नाही हो, टाकी स्वच्छ आहे. मी स्वतः झाडते."

"तक्रार नोंदवली आहे," पलीकडचा माणूस म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तोच पिवळा ट्रक टाकीखाली येऊन उभा राहिला. ड्रायव्हर खाली उतरला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "कचरा उचलायला पाठवलंय. कुठाय?" चौकशीताईला हसू आवरेना. तिने त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि वही दाखवली. ड्रायव्हर वही बघत राहिला. "आम्हालाही वाटायचं," तो म्हणाला, "की एवढ्या येतात कुठून. पण आमचं काम घमेलं रिकामं करायचं." तिने तीन दिवसांचे आकडे एका कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवून त्याच्या हातात दिले. मांस टाकायला सांगणारा जो कुणी असेल त्याला दे, म्हणाली.

तो कुणी दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला आला. हवाई दलाचा अधिकारी, पस्तिशीचा, गळ्यात दुर्बीण. विमान चालवणारा नव्हता; विमानांच्या वाटेतून पक्षी दूर ठेवणं हेच त्याचं काम होतं. एकशे अडतीस पायऱ्या चढून आल्यावर बराच वेळ तो कठड्याला धरून नुसता उभा राहिला.

"ताई," श्वास परत आल्यावर तो म्हणाला, "त्र्याण्णव घारी तुम्ही मोजल्या कशा?"

"एकेक करून. गेली की एक रेघ."

"आणि तीच घार फिरून परत आली तर?"

गोल गोल फिरणं हाच तर घारीचा धंदा. एकच घार दहा मिनिटांत चारदा समोरून गेली असेल आणि तिने चार रेघा मारल्या असतील. वर्षभराची वही तिच्या डोळ्यांपुढून गेली. दुसरं कुणी असतं तर खट्टू झालं असतं. तिने विचारलं, "मग मोजायचं कसं?"

त्याने दाखवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या मोजायच्याच नाहीत. दर दोन मिनिटांनी एकदा डेपोपासून नदीपर्यंत नजर फिरवायची, त्या क्षणी टाकीच्या उंचीपेक्षा वर जेवढ्या दिसतील तेवढ्या लिहायच्या आणि डोळे मिटल्यासारखं पुढच्या खेपेपर्यंत विसरून जायचं. तिला ही युक्ती इतकी आवडली की तिने ती तिथल्या तिथे दोनदा करून बघितली. मग दोघं दोन बाजूंना बसले आणि मोजायला लागले.

साडेनऊला पाच, दहाला अठरा, दहा वीसला एकतीस आणि अकराला नऊ, असे आकडे आले.

"त्र्याण्णव नाहीत," ती म्हणाली. "मी चुकले."

"आकडा चुकला. वेळ चुकली नाही." त्याने दुर्बीण खाली केली. "आणि एकतीसही पुष्कळ झाल्या. एक पुरते."

"तुम्ही आठलाच का खायला घालता?"

"ट्रक आठला सुटतो म्हणून," तो म्हणाला.

राष्ट्रीय दिनाला पाच दिवस उरले होते. अधिकाऱ्याने दुपारपर्यंत वरिष्ठांशी बोलून दोन गोष्टी बदलून घेतल्या. मार्केटमागची जागा बंद. त्याऐवजी विमानांच्या वाटेपासून दूर, पूर्वेकडची जुनी दगडखाण. आणि वेळ आठऐवजी पावणेदहा, म्हणजे दहा वीसला घारी खाण्यात तरी गुंतलेल्या असतील, नाहीतर नुकत्या बसलेल्या असतील.

पहिल्या दिवशी सगळा बेत फसला. दगडखाणीत मांस पडलं, ते कावळ्यांनी खाल्लं. घारी सवयीने मार्केटवर आल्या, रिकाम्या मैदानावर फिरत राहिल्या आणि पोटात काही नसल्यामुळे आणखी लवकर, साडेनऊलाच उठल्या. अधिकाऱ्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. "पस्तीस," ती म्हणाली.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "गिऱ्हाईक तुमचं दुकान कशावरून ओळखतं?"

"पाटीवरून."

"आणि पाटी काढली तर?"

"मग दारातल्या मोडक्या यंत्रावरून. ते कित्येक वर्षं तिथेच आहे. उद्या ते डोक्यावर घेऊन मी बाजारातून चालत निघालो तर निम्मी गिऱ्हाइकं मागे येतील."

तिने घास खाली ठेवला. घारी मैदानावर जमायच्या, पण ओळखायच्या ट्रकलाच. मार्केटच्या फाटकातून पिवळा ट्रक बाहेर पडला की त्या वरून त्याच्या मागे लागायच्या. हे तिने कितीतरी वेळा बघितलं होतं आणि लिहिलं नव्हतं, कारण ते मोजायचं काही नव्हतं. त्या दिवशी मात्र माल दुसऱ्याच बंद गाडीतून गेला होता.

सकाळी सहाला तिने अधिकाऱ्याला फोन लावला. पावणेदहाच्या आधी पिवळा ट्रक मार्केटच्या फाटकातून दगडखाणीच्या दिशेने निघाला, मागची ताडपत्री उघडी, वेग सायकलइतका. ड्रायव्हरला वाटलं आपली थट्टा चालली आहे. मग त्याने आरशात बघितलं. टाकीवरून चौकशीताईला दिसलं ते असं: खाली रस्त्यावर एक पिवळा ठिपका सरकतोय आणि त्याच्या वर आकाशात घारींची लांबलचक मिरवणूक, वळणावर वळणारी, सिग्नलला ट्रक थांबला की जागच्या जागी घिरट्या घालणारी. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि एकटीच हसली. त्या दिवशी दहा वीसला आकडा आला चौदा. पुढच्या दिवशी नऊ. रंगीत तालमीच्या दिवशी सात, आणि विमानं सुखरूप आली-गेली.

राष्ट्रीय दिनाला तिची सुट्टी होती. ती सहाला हजर झाली. अधिकारी संचलनाच्या मैदानाच्या कडेला, ती टाकीवर, मधे फोन. ठरलं असं होतं की दहा दहा, दहा पंधरा आणि दहा अठराला तिने आकडा सांगायचा; दहाच्या वर गेला तर विमानं बरीच उंचावरून जातील. म्हणजे लाखभर लोकांना काय दिसणार, हे काही अंशी पाणीपुरवठ्याच्या एका बाईवर येऊन ठेपलं होतं. याचा विचार तिने केला नाही, कारण तिला मोजायचं होतं.

"दहा दहा. चार."

"बरं."

"दहा पंधरा. तीन."

"छान."

दहा अठराला तीनांतल्या दोन नदीकडे निघून गेल्या होत्या. उरलेली एक मात्र डेपोच्या पत्र्यांवर फिरत फिरत चढत होती. "एक," ती म्हणाली. "पण बरोबर वाटेत आहे."

"उंची?"

"माझ्या दुप्पट. चढतेय."

"एका घारीसाठी आता थांबवता येत नाही, ताई. विमानं निघालीत."

एका बाजूला विमानात बसलेलं कुणाचं तरी लेकरू, एका बाजूला ती घार; आणि दोघांना एकमेकांची कल्पना नाही. तिने उत्तरेकडे बघितलंच नाही. नजर घारीवरून काढली तर घार सापडणार नाही, एवढंच तिला कळत होतं. घारीचं तोंड दक्षिणेला होतं. मग घारीने एकाएकी डावा पंख खाली टाकला आणि उतारावरून घसरावी तशी ती बाजूला, नदीच्या दिशेने घसरली. तोवर सगळं शांत होतं. त्यानंतर आवाज आला, कठडा थरथरला, टाकीच्या शेजारून काहीतरी राखाडी सपकन निघून गेलं, आणि मैदानाकडून लोकांचा गलका ऐकू आला.

फोन कानालाच होता.

"झालं, ताई. सगळी गेली."

"घार वाचली," ती म्हणाली.

"विमानंही," तो म्हणाला, आणि दोघांचाही जीव भांड्यात पडला.

मग तिने लगेच विचारलं, "साहेब, आवाज यायच्या आधीच ती बाजूला झाली. तिला कळलं कसं?"

"दिसलं असेल."

"तोंड दुसरीकडे होतं."

विचारून कळवतो, तो म्हणाला. तिला वाटलं, माणसं असंच म्हणतात. पण दोन महिन्यांनी खरंच पत्र आलं. घारीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे तिला बाजूचं आणि मागचंही बरंचसं दिसतं; शिवाय विमानाआधी काही जाणवतं का, हे अजून नक्की कुणाला सांगता आलेलं नाही, असं त्याने लिहिलं होतं. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं. कुणालाच नक्की माहीत नाही असं लेखी कळवणारा अधिकारी तिला पहिल्यांदाच भेटला होता.

घरी मात्र राष्ट्रीय दिनाच्या दुपारी दोनला ती पोचली तेव्हा नवरा दारातच उभा होता. त्याने टीव्हीवर सगळं पाहिलं होतं. "नऊ होती," तो सांगू लागला. "पुढे एक, मागे दोन-दोन. शेवटच्यांनी धूर सोडला. तुझ्या अगदी जवळून गेली ना? कशी दिसली?"

"मी नाही बघितली."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि पाणी आणायला आत गेला.

त्यानंतरची चार वर्षं हे काम तिच्याकडेच राहिलं. अभियंता साहेबांनी खात्याचा शिक्का मारलेलं वेगळं रजिस्टर दिलं, वर स्वतःच्या हाताने 'घारी' असं लिहून. ट्रक ड्रायव्हर ताडपत्री उघडी ठेवून मिरवणूक नेण्यात इतका तरबेज झाला की वळणावर मागे वळून हात दाखवायचा. दुर्बीणवाल्या अधिकाऱ्याची बदली झाली. नवीन आलेल्या बाईंना पहिल्या दिवशी चौकशीताईनेच मोजायचं कसं ते शिकवलं, दर दोन मिनिटांनी एकदा आणि मधे विसरून जायचं.

निवृत्त झाल्यावरच्या वर्षी हवाई दलाकडून दोन पास आले. नवरा-बायको मैदानात तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. दहा वाजून वीस मिनिटांनी विमानं आली, डोक्यावरून गेली आणि मागे नुसती धुराची रेघ राहिली. पहिल्यांदाच तिने विमानं नीट बघितली. लोक टाळ्या वाजवत होते. ती मात्र भुवया गोळा करून रिकाम्या आकाशाकडे बघत होती.

"अहो, एवढ्या वेगात इतकी जवळजवळ उडतात. मधलं अंतर ते कसं राखतात?"

नवऱ्याने पुढच्या रांगेकडे बोट दाखवलं. तिथे गणवेशातला एक पिकल्या केसांचा माणूस बसला होता, छातीवर पंखांचं चिन्ह. "तो बघ. जा, विचार."

ती उठून गेली. नवऱ्याने पाण्याची बाटली मांडीवर ठेवली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि वाट बघत बसला. मैदान रिकामं झालं, खुर्च्या उचलायला माणसं आली, तरी पुढच्या रांगेत तो वैमानिक दोन्ही पंजे एकमेकांशेजारी आडवे धरून तिला काहीतरी दाखवत होता, आणि ती त्याचा एक पंजा थोडा मागे सरकवून विचारत होती, "आणि हा इथे राहिला तर?"